जोडावरचं वजन

मोतीबागच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी डब्याला डबा जोडला.
छोटी लाईन बंद झाली, मी रिटायर झालो,
हातांना मात्र कुणी सांगितलंच नाही.
मग मानकापूरच्या अंगणात, कडुलिंबाखाली
दोन चाकांचं घर उभं केलं:
पत्रा वाडीच्या भंगारातला,
खिडकी मोडीत निघालेल्या बसची,
आत पलंग, शेगडी
आणि कुंदाच्या हट्टापायी एक आरसा.

घर गाडीला जोडलं. अडलं ते सायकलींपाशी.

माझी काळी, चोवीस इंची, बैलासारखी.
तिची निळी, पुढे टोपलीवाली.
डागा दवाखान्यातली रात्रपाळी संपवून
ती हिच्यावरून घरी यायची,
टोपलीत कधी सांभार,
कधी कुणाच्या बाळाचे पेढे.
दोन वर्षांपूर्वी गुडघा बदलला.
तेव्हापासून निळी भिंतीला टेकलेली.

"तिले काहून नेतं? चालवनार त नाहीस तू."
"येऊ दे ना बाप्पा. तिनं बी कुठं पाहिलं काही."

पहिल्यांदा दोन्ही घराच्या पाठीला टांगल्या.
ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत सगळं शहाण्यासारखं.
कामठी रोडला काटा साठाला टेकला
आणि आरशात घर डुलायला लागलं,
आधी हळू, मग आपल्याच मस्तीत.
ब्रेकवर गेलेला पाय मी मागे घेतला,
स्टिअरिंग नुसतं धरून ठेवलं,
वेग आपोआप उतरू दिला.
कुंदानं खिडकीची कडी पकडलेली,
बोलली काहीच नाही.
टपरीवरचा चहावाला म्हणाला,
"काका, तुमचा हत्ती हालून राहिला ना!"

एकतीस वर्षं जोडकाम केलेल्या माणसाला
हे चहावाल्यानं सांगावं.

घरी परतलो. तिचा न्हाणीतला वजनकाटा
दांड्याखाली ठेवला, वर लाकडाचा ठोकळा.
सायकली मागे: बावीस किलो. जोड नुसता तरंगत होता.
सायकली पुढे, दांड्यावर: शहाण्णव.
गाडीचं बूड खाली, तोंड आभाळात.
शेवटी काळी गाडीच्या टपावर, उलटी, चाकं वर,
आणि निळी आत, बरोबर आसाच्या डोक्यावर,
वाकळीवर आडवी,
जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधलेली.
काटा अठ्ठावन्नावर थांबला.
कुंदानं वाकून पाहिलं.
"अगं बाई, हे त माझंच वजन."

टोलवरचा पोरगा खिडकीतून अर्धा बाहेर आला.
गाडी, गाडीमागे घर, गाडीवर सायकल.
"याचे किती घ्यायचे काका?"
मागच्या ट्रकनं हॉर्नवर हात ठेवला.
"सायकलीचे नको घेऊ," कुंदा म्हणाली,
"आणि एक आत झोपली आहे, तिचे तर नकोच."

खिंडसीला पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं.
"माझी काढून दे आधी."
मी गाठी सोडल्या. टायर नरम, हवा भरली.
ती बसली नाही.
डावा हात हँडलवर, उजवा सीटवर,
सारा भार हळूच निळीवर टाकून
ती पाण्याच्या कडेनं निघाली.
घरी डॉक्टरांची काठी दाराआड पडून असते,
तिला ती हात लावत नाही.
काठी धरली की लोक वाट देतात, म्हणते.
सायकल धरली की विचारतात, पंक्चर झाली का?

टोपलीत पाण्याची बाटली, टॉर्च.
फ्रीव्हीलची टिकटिक बरीच लांबपर्यंत ऐकू आली.
काळी टपावरून उतरवायची राहूनच गेली.
मी शेगडीवर तांदूळ ठेवले
आणि मग विसरलो, थोडे लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी परतताना
कन्हानच्या पुलावर आमची सावली
कठड्यावरून पळत होती:
गाडी, घर,
आणि सगळ्यांच्या वर वाऱ्यानं गरगरणारं चाक.
कुंदानं मान वळवून पाहिलं.
"तुझी रिकामीच फिरून राहिली," म्हणाली.
"आणि तुझी?"
"माझी दमली. झोपू दे तिले."

मी वेग पन्नासावर आणला.