पाव उजेड

फाल्गुन शुद्ध अष्टमी. निवतीचा धक्का.
रात्रीचे साडेदहा. खारा वारा पडलाय,
मतलई अजून सुटायचीय,
मधल्या तासाभरात हवा कुणाचीच नसते.
मला तीच हवी.

तीनशेची लेन्स, म्हापशाच्या एका लग्नवाल्याकडून जुनी घेतलेली,
आतल्या काचेवर बुरशीचं बारीक जाळं:
फोटोत येत नाही, मनात येतं.
लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये टेलीकन्व्हर्टर,
तपकिरीच्या डबीएवढा,
कुडाळहून चार दिवसांच्या बोलीवर आणलेला.
तीनशेचे सहाशे करतो,
पण छिद्र चाराचं आठ होतं.
दुप्पट आकार, पाव उजेड.
सावकारसुद्धा हिशेब इतका तोंडावर सांगत नाही.

आणि एवढं करून आत चंद्र पडतो केवढा,
तर मसुरीच्या दाण्याएवढा.

पुनवेचा फोटोला वाईट,
समोरून फ्लॅश मारलेल्या नवरदेवासारखा सपाट.
अर्धा बरा.
उजेड जिथे संपतो त्या रेषेवर
सावल्या लांब होतात, खड्ड्यांना खोली येते.
त्याची उजळ बाजू आता समुद्राकडे कललीय,
खाली भांगाचं पाणी,
ना धड चढलेलं, ना धड उतरलेलं.

तिपाई हलते.
मी श्वास घेतला तरी हलते.
पलीकडे मालन खवणेकर विजेरी मानेत धरून
जाळं शिवत बसलीय.
न विचारता उठते,
शिशाच्या गुळ्यांचा जुना पाग आणून
तिपाईच्या मधोमध लटकवते.
"आता ऱ्हवात."
राहते.

ऑटोफोकस पुढे जातो, मागे येतो, पुढे जातो,
अंधारात चप्पल शोधणाऱ्या माणसासारखा.
बंद करतो. हातानेच.
स्क्रीनवर दहापट करून बघतो
तर चंद्राची कड पेजेसारखी रटरटतेय.
थांबायचं. केव्हातरी एक क्षण निवते.

हिनेच आणला होता तो फोटो, दोन वर्षांपूर्वी,
माझ्या म्हापण तिठ्यावरच्या स्टुडिओत.
मच्छीमार सोसायटीचं उद्घाटन, चाळीस माणसं,
मागच्या रांगेत डावीकडून तिसरा.
"ह्यांचो एकट्याचो करून दी. भिंतीर लावचो आसा."
मी मोठा केला. अजून मोठा केला.
नाक कुठे संपतं ते मी ठरवलं.
शर्टाला कॉलर मी दिली.
डोळ्यांच्या जागी राखाडी चौकोन होते,
त्यांत मी दोन ठिपके ठेवले,
नजर असावी म्हणून.
तिने फ्रेम हातात धरली, पदराने काच पुसली,
काच स्वच्छच होती.
"बरो केलंस," म्हणाली. पैसे मोजून दिले.
पायरी उतरल्यावर, माझ्याकडे न बघता:
"पण हे ते नाय."

दोन सेकंदांचा टायमर.
मी हात मागे घेतो, नकळत जोडल्यासारखे होतात.
खट्.
सेकंदाचा सव्वाशेवा भाग.

आला.
खड्ड्यांच्या कडा, एकेका कडेची सावली,
आणि रेषेपलीकडे अंधारात
सुटं उजळलेलं एक शिखर, टाचणीच्या टोकाएवढं.
मी तिला हाक मारली.
कशी मारली कोण जाणे.

ती वाकली. चष्मा नव्हता, डोळे बारीक केले.
बराच वेळ बघितलं.
माशाची किंमत सांगण्याआधी बघतात तसं.
"ह्येचा त्वांड जवळसून कोणी बघूक नाय," म्हणाली,
"म्हणान बरो इलो."

मग विजेरी विझवली, जाळं गुंडाळलं.
"पाग ऱ्हवांदे. सकाळी दी."
चपलांचा आवाज वाळूपर्यंत आला, पुढे नाही.

तेवढ्या दोन मिनिटांत
चंद्र आपल्या अंगाएवढा सरकला होता,
मग आणखी तेवढाच,
मग चौकटीबाहेर.
मी तिपाईचा स्क्रू सैल केला,
पुन्हा शोधू लागलो.
सहाशेतून आकाश फार मोठं असतं
आणि जवळजवळ सगळं काळं.