अडतीस अंश

रोल फ्रीजमध्ये होता,
विरजणाच्या भांड्यामागे,
डबीवर माझ्याच अक्षरात: ‘स्लाइड. हात लावू नका.’
फेब्रुवारीत काढलेल्या छत्तीस चौकटी,
इतवारीतल्या हातानं रंगवलेल्या पाट्या,
त्यांच्यावर फ्लेक्स चढायच्या आधी.

सीताबर्डीवर विचारलं तर पोरगा म्हणाला,
‘पेनड्राइव्ह आणलाय का?’
मुंबईला फोन उचलला कुणीतरी, भला माणूस,
‘दहा रोल जमले की मशीन लावतो.’
‘आत्ता किती आहेत?’
‘तुमचा धरून दोन.’
दिल्लीच्यांनी मागच्या वर्षी एक रोल
निगेटिव्ह समजून धुतला होता.
काटोल रोडवरची संत्री
निळी होऊन आली कुरियरनं,
वर ‘धन्यवाद’ असा शिक्का.

निगेटिव्ह असतं तर हसून सोडलं असतं,
पुन्हा छापा म्हटलं असतं.
स्लाइडच्या मागे काही नसतं.
ज्या पट्टीवर ऊन पडलं
तीच पट्टी परत हातात येते.
किंवा येत नाही.

मग कुणीतरी नत्थूजी परातेंचं नाव घेतलं,
गोळीबार चौकाच्या मागची गल्ली.
धंतोलीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं
डॉक्टरांच्या परिषदांच्या स्लाइडी धुतल्या त्यांनी:
जठर, मोतीबिंदू, भाजलेले हात.
‘लिव्हरचा रंग चुकला का डॉक्टर फोनवरच भडके.’
एवढंच त्यांचं प्रमाणपत्र.

मे महिन्याची चौदा तारीख.
रसायनाच्या कागदावर लिहिलेलं: अडतीस अंश.
जगात इतरत्र लोक यासाठी पाणी तापवतात.
परातेंच्या न्हाणीत गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडला
तो बेचाळीसवरच आला.
‘इथं तापवाचं नाही मॅडम, निववाचं हाय,’
म्हणत त्यांनी रसवंतीवरून आणलेली बर्फाची लादी
गोणपाटातून काढली
आणि वरवंट्यानं फोडली.

काळ्या पिशवीत कोपरापर्यंत हात.
पिशवीत काही दिसत नाही, तरी डोळे मिटलेले.
कपाळाला दुपट्टा, घाम गळू नये म्हणून.
पहिलं रसायन, साडेसहा मिनिटं.
बर्फाचा एक खडा.
थांबा.
अर्धा.
इथं बिघडलं तर पुढं कितीही नीट करा,
भरून निघत नाही म्हणाले.
अठ्ठावीस वर्षं मी पहिलीचा वर्ग शिकवला,
हे मला नवीन नव्हतं.

शेवटी त्यांनी पट्टी ओढून काढली, दोरीला चिमट्यानं टांगली.
‘ओली असली का दुधाळ दिसते, भेऊ नका.’
मी भ्यायलेच.
मग त्यांनी आत पाहून नुसता हात हलवला
आणि कूलर बंद झाला.

बाहेर पंचेचाळीस.
कूलरच्या वाऱ्यात धूळ असते, वाळ्याच्या काड्या असतात,
ओल्या फिल्मला सगळं चिकटतं.
दोन तास.
परातेबाई फरशीवर भिंतीला पाठ लावून बसल्या,
फरशीही कोमट.
सून लेकराला घेऊन कडुनिंबाखाली गेली,
जाताना पदरानं त्याचं तोंड पुसत.
कुणी काही बोललं नाही,
कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही.
‘राहू द्या हो, लावा कूलर’ म्हणायला
मी तोंड उघडलं,
दोरीकडे पाहिलं
आणि पाणी मागितलं.

साडेचारला खिडकीशी धरली पट्टी.
पिवळ्या पत्र्यावर लाल ‘शिलाई’,
त्यातला ‘ला’चा काना पेंटरनं नंतर घुसवलेला,
तोही दिसला. लाल, लालच.
तीन चौकटी पांढऱ्याफटक.
‘हे आमच्याकडलं नाही जी, हे तुमचं हाय,’ पराते म्हणाले.
माझंच होतं.

आत पंप गुरगुरला, वाळा भिजायला लागला.
‘सहाशे,’ ते म्हणाले,
‘अन् बर्फाचे वीस वेगळे.’