मधले दाते

भाचीनं फोन माझ्या पुढ्यात धरला.
खुर्चीत गिऱ्हाईक, एका गालावर फेस तसाच.
"मामा, ही बघ. इंग्लंडातली. चौदाशे वर्षांची.
मडक्यात सापडली, जळक्या हाडांबरोबर."

वस्तरा पुसला. बघितलं.
फणीच ती.
"हरणाच्या शिंगाची," ती म्हणाली,
"सांबरासारखं, दरवर्षी गळून पडणारं."
दोन्ही अंगांनी लांब पट्ट्या, मध्ये तुकडे बसवलेले,
आरपार लोखंडी खिळे.
दाते मागाहून पाडलेत, करवतीनं.
पट्टीच्या काठावर करवत घसरल्याच्या खुणा.
मी म्हणालो, कारागिराला घाई होती.
ती हसली. वहीत लिहून घेतलं.

आणि मधले दाते झिजलेले.
पन्नास वर्षं डोकी बघतोय, एवढं कळतं:
लांब केस, रोजचा हात,
गुंता मानेपाशी.
उवांचं विचारलं तर म्हणाली, असणारच.
बरं वाटलं. माणसंच होती.

"सगळं आगीत जायचं, मामा. माणूस, मणी,
कधी कधी घोडासुद्धा.
फणी बहुतेकदा जाळत नसत.
राख गार झाल्यावर वरून ठेवायचे. हातानं."

आमच्या पंचवटीत उलटं.
मेलेल्याचे केस त्याच्याबरोबर जातात
आणि मागे राहिलेले माझ्यापुढं रांगेत बसतात,
गंगेच्या पायरीवर, मान खाली घालून.
दहाव्याला मला कुणाचं तोंड दिसत नाही, फक्त टाळू.
रडणारा माणूस वस्तऱ्याखाली हलत नाही.
हे कुठल्या वहीत नसेल.

"एक कोडं आहे," आश्लेषा म्हणाली.
"पुष्कळ मडक्यांत फणी अर्धीच निघते.
उरलेली अर्धी कुठं गेली, सांगता येत नाही."

मी गिऱ्हाइकाचा दुसरा गाल घेतला.

तिची मामी गेली तेव्हा ही पुण्यात, परीक्षेला.

म्हशीच्या शिंगाची फणी होती कुमुदची,
येवल्याहून, माहेरून आणलेली.
एकदा मधोमध तडकली, तेव्हा मीच
छत्रीची काडी कापून खिळा ठोकला.
"न्हाव्याच्या घरात फणीला ठिगळ!"
म्हणाली, आणि वीस वर्षं तीच वापरली.

अस्थी सोडायच्या दिवशी
गुरुजींची नजर चुकवून राखेत खुपसली.
का, ते विचारू नका.
लोक सोनं घालतात. मला हे सुचलं.

अर्ध्या तासानं एक पोरगं आलं,
दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारं,
ओली चड्डी, ओठ निळे.
"काका, तुमच्या धंद्याचं काहीतरी लागलंय."
अर्धी. खिळ्याकडची.
जुन्या तड्यातच पुन्हा तुटलेली.
दहा मागितले. वीस दिले.

बाकीची खाली राहिली म्हणावं,
तर सिंहस्थाच्या आधी महापालिकेनं गाळ उपसला.
डंपरच्या डंपर गेले. कुठं रिकामे केले कुणास ठाऊक.
मखमलाबादेकडं एखाद्या द्राक्षबागेत असेल,
मुळांचा गुंता काढत.

गिऱ्हाइकाला तुरटी फिरवली. पैसे घेतले.
मग गल्ल्याच्या खालचा खण ओढला
आणि आश्लेषाच्या तळहातावर ठेवली.

ती काही बोलली नाही. शास्त्राचं तर नाहीच.
पिशवीतून छोटी मोजपट्टी काढली,
लावली नाही.
नुसता अंगठा फिरवला दात्यांवरून, किर्र,
आणि मोडलेल्या कडेशी, जिथं दाते आखूड होत जातात,
तिथं तो थोडा वेळ
तसाच.