हातचा

डुलूथमध्ये, सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
हॉगन स्टेशनर्सच्या पोटमाळ्यावर बसून
एकतीस वर्षं मी पगाराची वही लिहिली.
पहिलं पान माझं नाही, थोरल्या हॉगनचं.
तिरपं जांभळं अक्षर: सन त्रेसष्ट, माणसं सात,
तासाला सव्वा डॉलर,
शनिवारचे डोनट दुकानाकडून.

त्या सातांत एक फक्त निबांचा, इनो लाहती.
गिऱ्हाईक हात कसा टेकवतं ते आधी बघायचा,
मग निब जिभेला लावायचा,
कागदावर दोन रेघा, मानेनंच नकार,
आणि खणातून दुसरं निब.
एका पेनामागे चाळीस मिनिटं.
पेन पावणेतीन डॉलरचं.
हा भागाकार मी एकदा करून पाहिला,
करायला नको होता.

ओडेट पेल्की रिबिनींची.
कात्रीच्या पात्यावरून सर्रकन ओढायची, रिबीन कुरळी.
डिसेंबरभर अंगठ्याला चिकटपट्टी.

आणि कार्डांपाशी व्हर्ना.

मजुरी वाढत गेली, माणसं घटत गेली.
सात, पाच, साडेतीन
(अर्धा म्हणजे शाळेतून येणारा पोरगा).
शंभराच्या गल्ल्यात अठरा पगाराचे,
मग सोळा, तेव्हा धाकटा हॉगन खूश,
मग अचानक तेवीस.
कुणाचा पगार वाढला नव्हता.
टेकडीवर मोठं दुकान उघडलं होतं,
आणि आमचा शंभरच आटला होता.

‘व्हर्ना परवडते का, तेवढं बघ,’ धाकटा म्हणाला.

मी घड्याळ घेऊन जिन्यात बसले.
धक्क्यावरचा एक माणूस आला, ओव्हरकोटवर खनिजाची लाल धूळ.
भाऊ गेलेला. अकरा वर्षं बोलणं नव्हतं.
व्हर्नानं सहा कार्डं काढली, सहाही परत ठेवली.
मग एक कोरं. वर नुसतं निष्पर्ण बर्चचं झाड.
आत पेन्सिलीनं एक ओळ लिहिली फिकट,
‘घरी जाऊन शाईनं गिरव,’ म्हणाली.
कार्ड नव्वद सेंटचं.
मिनिटं पंचवीस.

मी गुणाकार मांडला.
खाली आकडा, डोक्यावर हातचे दोन.
हातच्याचं पुढे काय होतं हे वही विचारत नाही,
तो मिळवला की पुसायचा असतो.
मी लिहिलं: परवडत नाही.
सेंटाचीही चूक नव्हती.

फेब्रुवारीत व्हर्ना गेली.
बहीण क्लोकेला असते, तिला पाठवायला
मी टेकडीवरच्या दुकानात कार्डांसमोर उभी.
भिंतभर कार्डं. याच्यावर कबुतरं, त्याच्यावर सोनेरी प्रार्थना,
व्हर्ना हसली असती.
विचारायला कुणी नाही.
कुणाचं कोण गेलं, भांडण होतं का,
हे माझं मलाच विचारावं लागलं,
आणि खरं उत्तर द्यावं लागलं.
घड्याळ पाहिलं. अर्धा तास होऊन गेला होता,
कुणाच्याच वहीत न धरलेला.

मग यंत्रापुढे कार्ड मीच धरलं,
पिशवीत मीच ठेवलं,
पावती मीच फाडली.
मजुरी कमी झाली म्हणतात.
मला ती कुठे गेली ते दिसलं.

गाडीत बसून कार्ड मांडीवर उघडलं.
आत पांढरं. बॉलपेन थंडीनं आखडलेलं.
टोक जिभेला लावलं,
पावतीच्या पाठीवर दोन रेघा मारल्या,
दुसरी उमटली.