पलंग ते खिडकी

नचिकेतने रेडिंगहून पट्टा पाठवला,
काळा, रबरी, जळवेसारखा मऊ.
मनगटावर बसल्याबसल्या त्यानं माझी नाडी धरली,
न विचारता.
मी चौतीस वर्षं विचारून धरत आले.
तीन बोटं, छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ,
तीस सेकंद, गुणिले दोन.
तेवढ्यात कळायचं,
माणूस झोपलेला नाही, की रडून उरकलंय,
की घरी कुणी नाही म्हणून बरं व्हायला तयार नाही.
पट्टा म्हणतो, बहात्तर.
बरं. बहात्तर.

सकाळी फोन. "आई, रात्री तीनला उठली होतीस?"
उठते रे. तीनला वॉर्डात फेरी असते.
वॉर्ड पाडून तिथे कार पार्क झालाय,
पायांना कुणी कळवलेलं नाही.
(त्याला म्हटलं, पाणी प्यायले.)

स्टॉकपोर्टचे चढ मोजतो, हे मात्र कबूल.
बाजारातून वर येताना मनगटावर फटाके उडवतो
आणि मी, एक्काहत्तर वर्षांची बाई,
भर रस्त्यात खुलते. खोटं कशाला बोलू.
एकदा नऊशे पावलं कमी पडली
तर रात्री जेवणाच्या टेबलाला प्रदक्षिणा घातल्या,
वर देव नाही, लोणच्याची बरणी.

शेजारच्या बेरिललाही नातीनं दिलाय.
ती खुर्चीत बसून स्वेटर विणते,
पट्टा म्हणतो, शाब्बास, दोन मैल!
ती हसते. कवळी ग्लासात असली तरी हसते.

पण काल, खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा,
ती वॉकर धरून उठली.
मुठी दांड्यावर आवळलेल्या, मनगटं जागची हलेनात.
मी स्टुलावर, हात मांडीवर.
लावायचा नसतो अशा वेळी हात.
मध्ये थांबून ती गालिच्याला काहीतरी घाणेरडं बोलली.
मग पुन्हा एक पाय. मग दुसरा, ओढून.
खिडकीशी पोचली तेव्हा खाली कचऱ्याची गाडी आली होती.
आम्ही दोघींनी ती वळणापर्यंत पाहिली.

तिच्या पट्ट्यावर एकही पाऊल नाही.
माझा थरथरला: फार वेळ बसलात, उठा.

उठले. पेन शोधलं.
गॅसच्या बिलाच्या पाकिटामागे
तारीख, वेळ,
बेरिल हॉलरॉइड, पलंग ते खिडकी, वॉकरसह,
वेदना विचारल्यावर "तुला काय करायचंय" म्हणाली.
खाली सही केली
आणि पाकीट तिच्या पलंगाच्या पायथ्याशी
चिमट्यानं अडकवलं.