राखणदार

पहाटे साडेपाचला बोटं माझी नसतात.
पेजेचा डाव दोन्ही मनगटांत धरते,
तान्ही पोरं खुळखुळा धरतात तसा.

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
दिवसाला सात किलो गर सोलायचे हे हात.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू नाही, मार नाही,
तुमचं रक्तच तुम्हाला ओळखेनासं झालंय.

जयवंती कुबल गुळवेल घेऊन आली,
कडुनिंबावर चढलेली, अंगठ्याएवढी जाड.
"ताकद येतली गो, पी."
प्यायले अकरा दिवस.
बाराव्या दिवशी गुडघे शहाळ्याएवढे.

आता कळतं,
आधीच चेव चढलेल्या राखणदाराला
मी वर कोंबडा देत होते.

वेल कुंपणावर टाकून दिली.
तिथेही तिला फुटवे आले. तिचा काय दोष.

शुक्रवारची पिवळी गोळी चुकवत नाही.
बाकी संध्याकाळी खाडीकाठची निगडी :
पानं तव्यावर मऊ करायची,
जुन्या लुगड्याच्या पट्टीत बांधायची.
दुखणं जात नाही.
तासभर जरा सरकून बसतं,
बाकावरच्या परक्या बाईसारखं.

तेवढ्यात गाऱ्हाणं घालून घेते,
देवळात नाही, शेगडीपुढेच,
हाडांतल्या त्याला :
बा म्हाराजा,
ही घरचीच.
हिच्या चपलांचा आवाज ओळख, खोकला ओळख.
काठी आपटत फिर रात्रभर,
पण कुंपणाच्या बाहेरून.

"व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी नसतं.
करंगळी हलते.
मिठाच्या बरणीचं झाकण
आज अर्धा आटा फिरलं.