एकशे बारावी फेरी

साडेसहाशेला घे.
नऊशेला सोड.
पुन्हा साडेसहाशेला घे.
भट्टीच्या दाराशी बसून मी एवढंच सांगते तिला,
हरभऱ्याएवढ्या चुन्याच्या गोळीला,
आणि बाहेर भुसावळचा मे महिना
सेहेचाळीसवर अडून बसलेला.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून दीपनगरच्या चिमण्या दिसतात.
लहानपणी मला वाटायचं, ढग तिथेच तयार होतात.
वडिलांनी ही चूक कधी दुरुस्त केली नाही;
तीस वर्षं बॉयलरवर होते ते,
डब्याच्या पिशवीच्या शिवणीतून राख घरी यायची.

घेणं सोपं आहे.
पोळ्याआधी पांढऱ्या केलेल्या गोठ्याच्या भिंतीसुद्धा
हवेतला वायू गुपचूप पीत दगड होतात,
कुणी त्यांचा सत्कार करत नाही.
ग्रॅमभर चुना पहिल्या दमात पाऊण ग्रॅम घेतो.
विसाव्या फेरीला पाव.
मग नुसता बसून राहतो,
छिद्रं बुजलेली, अंग आक्रसलेलं,
मनाविरुद्ध बदली झालेल्या कारकुनासारखा.

टिकणं अवघड आहे.

केळीच्या खोडाची राख घालून पाहिली,
रावेरहून पोतंभर, फुकटात.
आठव्या फेरीला सगळं थिजून काचेसारखं.
नेहेते सर म्हणाले, "पोटॅश गं.
केळीला जे मानवतं, ते चुन्याला नाही."
मग त्याच खोडाचे तंतू घेतले,
सात पाण्यांनी धुतले, कातरले नखाएवढे,
चुन्यात मळले चिमूटभर सिमेंट टाकून,
बिबड्यांच्या पिठाला येतो तसा चिकटा येईस्तोवर.
भट्टीत तंतू जळून गेले
आणि त्यांच्या जाडीच्या वाटा मागे राहिल्या.
आता नसलेल्या केळीतून वायू ये-जा करतो.

साठ. सत्तर.
एकोणनव्वदला वीज गेली.
(चिमण्यांच्या सावलीत राहून वीज जाते,
याला रजिस्टरात रकाना नाही.)
तायडेभाऊंनी जनरेटरला लाथ घातली,
मग हात जोडले, मग तो सुरू झाला.

एकशे बारावी फेरी झाली त्या रात्री
एक गोळी ॲप्रनच्या खिशात राहून गेली.
वहिनीने ॲप्रन दगडावर आपटला,
पिळला, तारेवर टाकला.
संध्याकाळी माझ्या हाताला लागली: शाबूत.
टवकासुद्धा उडालेला नाही.
वहिनी म्हणाली, "काय व्हय वं हे?
मले वाटलं, बटन."

भरलेली होती म्हणून वाचली.
रिकामी असती तर पहिल्याच पाण्यात
तडकून, फुगून, वाफाळून
पीठ झाली असती तिचं.
पोटातल्या धुराचाच दगड झाला होता,
त्यानेच तिला धरून ठेवलं.
हे वहिनीला कसं सांगावं ते सुचेना.
मी म्हटलं, "बटनच आहे."

वडिलांनी मात्र तळहातावर घेतली,
दाताखाली धरून पाहिली, नाण्यासारखी.
"किती मावते हिच्यात?"
सांगितलं.
हसले नाहीत.
ओट्यावर बसून चिमण्यांच्या लाल दिव्यांकडे बघत
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले,
किती पोती, किती डबे,
भुसावळच्या यार्डात मावतील का तेवढ्या वाघिणी.

दिवा मालवताना म्हणाले,
"लय लागतील."
"हो."
"मंग सकाळी लवकर निंघ."